मागच्या तुकड्यातली तामणाची झाडे

मी, कृष्णाबाई दिनानाथ राऊत, वय वर्षे अडुसष्ट, धंदा रोपवाटिका, राहणार नागाव, तालुका अलिबाग, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र आपल्या समजुतीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. कोणी भरीस घातलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केले नाही, कारण जे काही होते ते माझी एकुलती मुलगी तेजस्वी हिलाच जायचे होते. ती माझ्याआधी गेली. पती तिच्याही आधी. म्हणून लिहावे लागत आहे.

मसुदा वकिलांनी करून दिला. मृत्युपत्रात फुलांचे शास्त्र घालू नये असे त्यांचे म्हणणे. पण ते घातल्याशिवाय कलम ४ कोणाला कळणार नाही, आणि मृत्युपत्र माझे आहे.

कलम १. राहते घर, अंगण आणि रस्त्याकडची नारळ-सुपारीची वाडी माझ्या दिरांचा मुलगा कुलदीप याला द्यावी. तो तिथे पर्यटकांसाठी खोल्या बांधणार हे मला ठाऊक आहे. बांधाव्यात. विहिरीत सांडपाणी जाऊ देऊ नये एवढेच. मुलगा वाईट नाही. मला दवाखान्यात तोच नेतो, औषधे तोच आणतो. पण झाड दिसले की त्याचे हात शिवशिवतात.

कलम २. कलमाचे चाकू, कात्र्या, फवारणीचा पंप आणि गुटी बांधण्याचे सगळे सामान हिरामणला द्यावे. आमच्या रोपवाटिकेत त्याचे केस पांढरे झाले. मोठी कात्री तेवढी कुलदीपने उसनीसुद्धा मागू नये. कारण पुढे येईल.

कलम ३. फाटकाजवळचे डबल तामणाचे झाड घराबरोबर कुलदीपकडे जाईल. हे झाड कलमाचे नाही. आमच्याच वाफ्यात बी पडून ते असे निघाले, आणि पतींनी ओळखून बाजूला लावले. साध्या तामणाच्या फुलात जांभळ्या पाकळ्यांच्या मध्ये पिवळ्या केसरांचा झुबका असतो. ह्याच्या फुलात केसर नाहीत, बीज धरणारा भाग नाही, नुसत्या पाकळ्यांच्या आत पाकळ्या. गिऱ्हाईक बघून वेडे होते. बोंड मात्र धरत नाही, म्हणून फांदीला गुटी बांधून, तिथेच मुळे आणूनच त्याची रोपे करावी लागतात. कुलदीपने ती खुशाल विकावीत. फक्त त्या जातीला तेजस्वीचे नाव देऊन पाटी लावण्याचा त्याचा बेत आहे, तो मला मंजूर नाही. त्याने विचारले तेव्हा मी गप्प राहिले. त्या दिवसांत मी कशालाच काही बोलत नव्हते. तो होकार समजू नये.

कलम ४. घरामागचा जमिनीचा तुकडा, विहिरीच्या पाण्याच्या हक्कासह, तेजस्वीची मैत्रीण कल्पिता हिला द्यावा. ती बोर्ली पंचतनची. दोघी पुण्याला एकाच प्रयोगशाळेत झाडांच्या जनुकांवर काम करत होत्या. अजूनही दर उन्हाळ्यात ती गावी आली की दिघीहून खाडीपलीकडे तरीने आगरदांड्याला उतरते आणि इकडे येते. आम्ही फारसे बोलत नाही. ती झाडे बघते, मी चहा करते.

त्या तुकड्यात काय आहे ते सांगते. तेजस्वीने एकदा ताटात पिठाचे चार गोल काढून मला समजावले होते. बाहेरून आत हिरवी दले, मग पाकळ्या, मग केसर, मधोमध बीजाचा भाग. कुठल्या गोलात काय व्हायचे ते तीन प्रकारची जनुके ठरवतात. पहिले एकटे असले की हिरवे दल. पहिले आणि दुसरे मिळून पाकळी. दुसरे आणि तिसरे मिळून केसर. तिसरे एकटे असले की बीजाचा भाग. शिवाय फूल कुठे संपवायचे तेही तिसरेच सांगते.

"आपल्या झाडात तिसरं मुकं आहे गो आई," ती म्हणाली. "म्हणून केसरांच्या जागी पाकळ्या, आणि बीजाच्या जागी परत नवीन फूलच सुरू. ह्याला बास म्हणायला कोणी नाही."

पुढे फाटकाजवळच्या त्याच झाडाच्या एका फांदीला साधी फुले आली, केसरांसकट. तेजस्वीचे म्हणणे, पाटात नारळाचे सोडण अडकावे तसा एक फिरता तुकडा त्या तिसऱ्या जनुकात अडकून बसला होता, आणि त्या फांदीत तो निसटला. तिच्या वरिष्ठांना ते पटले नाही. कलम ज्यावर बांधतात तो खालचा साधा खुंट फुटला असेल, असे ते म्हणाले. कलम नाहीच, असे तिने सांगितले तर हसले. तेव्हा ती मला म्हणाली, "भांडायचं कशाला? झाडालाच विचारू." प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. त्या फांदीत एक बोलती झाली, दुसरी मुकीच. म्हणजे फांदीची फुले झाकून त्यांचाच पराग त्यांना दिला आणि ते बी पेरले, तर चारांत तीन झाडे साधी आणि एक डबल निघेल. एकही डबल निघाले नाही, तर तीच चुकली.

झाकायला पिशव्या मी शिवल्या, माझ्या जुन्या वायलच्या पातळाच्या. झाडाला अंगडी-टोपडी घातली म्हणून शेजारी हसले. बोंडे धरली, बी रुजले, चाळीसेक रोपे मागच्या तुकड्यात लावली. पुढच्या पावसाळ्यात साध्या तापाचे निमित्त होऊन तेजस्वी गेली.

मला रडू आले नाही. अजूनही आलेले नाही. बाई दगडाची आहे असे लोक म्हणाले, तसेही असेल. मी उठते, वाफ्यांना पाणी देते, जेवते. चव लागत नाही असे नाही. मीठ कमी पडले तर कळते.

त्या दिवाळीनंतर एक रिसॉर्टवाले फाटकाचे झाड बघायला यायचे होते. त्यांच्या आधी कुलदीपने ती फांदी बुडापासून छाटली. "खुंटाचा फुटवा होता काकी, झाड इद्रूप दिसत व्हतं," म्हणाला. कलमाच्या झाडाचा फुटवा काढायचा हा रोपवाटिकेचा पहिला धडाच, आणि आमच्याकडेच तो शिकला. पण ज्याला खुंटच नाही त्याला फुटवा कुठला? विचारले असते तर सांगितले असते. फांदी परत फुटली नाही. तेव्हा तेजस्वीचे खरे की खोटे, हे आता फक्त मागच्या तुकड्यातल्या झाडांना ठाऊक.

म्हणून अट अशी की, त्यातले प्रत्येक झाड एकदा फुलेपर्यंत कोणीही एकसुद्धा तोडू नये, हलवू नये, विकू नये. साधे निघाले म्हणून उपटू नये. साधीही मोजायची आहेत. ह्या अटीविरुद्ध कुलदीपला कोर्टात जायचे असेल तर त्याने जावे. तिथल्या तारखा संपेपर्यंत झाडे फुलून होतील.

कलम ५. पतपेढीतली ठेव मागच्या तुकड्याचे कुंपण, पाणी आणि हिरामणची मजुरी यासाठी ठेवावी. उरेल ते हिरामणचे.

कलम ६. माझे दिवस कुलदीपने करावेत, थोडक्यात. कोणाला रडू आले नाही तर त्याला नावे ठेवू नयेत.

कलम ७. मागच्या तुकड्यातल्या एका झाडाला कळ्या आल्याचे कल्पिताने गेल्या आठवड्यात सांगितले. काय निघते ते मला हयातीत कळवू नये. तेजस्वी चुकली असेल तर मला ऐकायचे नाही. बरोबर असेल तर ते तिला सांगता येणार नाही. आणि एकदा निकाल लागला की माझ्याजवळ वाट बघण्यासारखे काही उरत नाही.

येथवर वकिलांनी टाइप करून आणले. यापुढचे मी हाताने लिहीत आहे.

आज साक्षीदार ओटीवर बसले होते. सही करायला पेन उघडले, तेवढ्यात हिरामण मागून आला आणि पायरीखाली उभा राहिला.

"बाय, एक उमललंय. मी तोडलं न्हाय. तुमीच येऊन बगा."

मला सांगू नको म्हटले होते ना, असे मी त्याला विचारले.

"मी कुठं काय सांगितलं? बगा म्हनतोय."

साक्षीदार थांबले. मी गेले. तेजस्वी गेल्यानंतर त्या तुकड्यात मी कुंपणाच्या आत पाऊल टाकले नव्हते. पाणी हिरामणच घालतो. झाडे माझ्या डोक्याच्या वर गेली आहेत. खालच्या फांदीला फूल होते. साधे. सहा पाकळ्या, मध्ये केसरांचा पिवळा झुबका. हिरामणचा चेहरा पडला. "साधंच हाय," म्हणाला.

मी त्याला म्हटले, चारांत तीन साधीच निघायची आहेत. तीच सांगून गेली आहे. यावरून काही ठरत नाही. अजून सगळी फुलायची आहेत.

परत येताना पायांत चप्पल नाही हे लक्षात आले. तळवे भाजत होते.

सबब कलम ७ मी खोडले आहे. त्या तुकड्यात उमललेले प्रत्येक झाड, साधे असो वा डबल, मला येऊन सांगावे. मी घरीच असते.

लिहून देणार: कृष्णाबाई दिनानाथ राऊत (सही)

आमच्यासमक्ष सही केली व कलम ७ खोडले. खाडाखोडीवर आम्हा दोघांच्या सह्या आहेत.
साक्षीदार: १) रावजी नामा म्हात्रे, नागाव (सही)
२) डॉ. प्रज्योत येसाजी ठाकूर, अलिबाग (सही)

ठिकाण: नागाव
तारीख: २१ मे २०२५