नोराचा पान्हा

ट्रलीजवळ, काउंटी केरी, आयर्लंड
१४ मे २०२१

ती. सौ. आईस,

साष्टांग नमस्कार. बाबांना नमस्कार, गिरीशला एक चापटी. आम्ही तिघं खुशाल. तुमची खुशाली रोज फोनवर कळते, तरी कागदावरही विचारायची असते असं तूच शिकवलंस, म्हणून विचारते : बाबांचा खोकला गेला का? गिरीश दूध आणायच्या निमित्ताने कट्ट्यावर बसत नाही ना?

पत्राची फर्माईश तुझी. परवा व्हिडिओवर म्हणालीस, "चैत्राली, तू हसतेस पण मला फसवतेस. काय ते लिहून पाठव." तर लिहिते. इंद्रनील शेजारी असला की काही गोष्टी तोंडातून निघत नाहीत. इंजिनियर माणूस, मोजता येतं तेवढंच त्याच्या लेखी खरं. आणि बाळीला घेऊन कधी येणार, हे तू विचारलंस त्याचं शेवटी लिहीन.

बाळी आता गुटगुटीत आहे. गाल असे आलेत की मीच तिची दृष्ट काढते, मीठमोहऱ्यांनी, इंद्रनील कामावर गेल्यावर.

शेजाऱ्यांबद्दल तुला तुकड्यातुकड्यांत सांगितलंय, आता नीट सांगते. आमच्या भाड्याच्या घराच्या मागे मातीचा उंच बांध आहे, त्यावर काटेरी झुडपं, आणि पलीकडे बॅटकाकांचं रान. बॅट हे माणसाचं नाव. बार्थोलोम्यूचं लाडकं रूप. इथे थोरामोठ्यांना नावानेच हाक मारतात, पण माझी जीभ वळत नाही. काका सत्तरीचे, एकटे. त्यांच्या पलीकडचा डोनी पन्नाशीचा. दोघांकडे मांसाची जनावरं. रोज सकाळी दोघं बांधाशी येतात आणि सरकारी अंतर राखून एकमेकांची उतरवतात.

"बॅट, तुझ्या गाई इतक्या वाळल्यात की त्यांच्याआडून पेपर वाचता येतो."

"तुला वाचता कधीपासून यायला लागलं, डोनी?"

करोनात जनावरांचा बाजार माणसांना बंद होता, बोली फोनवर लागायची. काकांनी चष्मा न लावता अंगठा दाबला आणि डोनीचाच खोंड विकत घेतला. त्याच खोंडाला त्यांनी वर्षभर 'चार पायांचं टेबल' म्हणून हिणवलं होतं! डोनी तो ट्रेलरमध्ये घालून आला आणि म्हणाला, "घ्या, तुमचं टेबल आलं. खुर्च्या पुढच्या आठवड्यात." मी बांधाच्या अलीकडे पोट धरून हसत होते, तेव्हा बाळी पोटातच होती.

इथे एक रीत आहे. वासराचं किंवा लेकराचं कौतुक केलं की लगेच 'देव तिला सांभाळो' म्हणायचं. न म्हणता नुसतं कौतुक केलं तर ते वाईट. म्हणजे आपलीच दृष्ट. बाळीला घरी आणलं तेव्हा दोघांनी टोप्या काढून ते म्हटलं होतं.

आता फोनवर जे सांगितलं नाही ते. एप्रिल संपताना बाळीचं वजन उतरत होतं. मला दूध नव्हतं, आई. अळीव झाले, डिंकाचे लाडू झाले, डब्लिनजवळ स्वोर्ड्सला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीने, क्षितिजाने, शतावरी पोस्टाने पाठवली. काही नाही. डब्याचं दूध बाळी ओकून टाकायची. नर्स यायची, तिला काट्यावर ठेवायची आणि 'ग्रँड', म्हणजे 'झकास', म्हणायची नाही. इथे छप्पर उडालं तरी ग्रँड म्हणतात. ती म्हणत नव्हती यातच मी काय ते समजले. न्हाणीघरात नळ सोडून रडायचे. तुला कोणत्या तोंडाने सांगणार होते? तुमच्या गल्लीत रोज ॲम्ब्युलन्स येत होती.

त्यात काकांची नोरा व्याली. नोरा म्हणजे त्यांची घरच्या दुधापुरती एकुलती एक गाय. काळी, बुटकी, केरीच्या मूळ जातीची. मला एकदम खरवसाची वासना झाली. डोहाळे संपल्यावर डोहाळे! बाळीला शालीत गुंडाळून सकाळी बांधाशी गेले. दोघांचं नेहमीचं चाललं होतं. मी मध्येच म्हटलं, "काका, नोराचा थोडा चीक मिळेल का? पहिलं दूध?"

काकांनी टोपी मागे सारली.

"आज तारीख काय गं पोरी?" काकांनी विचारलं.

"एक मे. आमचा महाराष्ट्र दिन."

"नको, बॅट," डोनी म्हणाला. या आवाजात मी त्याला कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

काकांनी बाळीकडे पाहिलं. शालीतून तिचं मनगट बाहेर आलं होतं, काडीएवढं. "आपण आता तसलं मानणारे राहिलो नाही, डोनी," ते म्हणाले, आणि त्यांच्या आईच्या वेळच्या झाकणाच्या डब्यात चीक आणून त्यांनी बांधावर ठेवला. डोनी निरोप न घेता निघून गेला.

गूळ, वेलची घालून मी खरवस लावला. पहिली वडी तोंडात टाकली आणि बांधापलीकडे नोराचं वासरू हंबरलं. आई, मला पान्हा फुटला. कुर्ता भिजला, शाल भिजली. बाळी प्यायली. तिच्या घोटांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला आणि तिथेच फरशीवर बसले.

त्याच संध्याकाळी नोराचं दूध गेलं.

डॉक्टर आला. ताप नाही, कास मऊ, गाठ नाही. म्हणाला, "गाय पान्हा चोरतेय." वासराला बाटली लावली, तर ते पितं आणि टाकतं. चार दिवसांत त्याच्या फासळ्या दिसायला लागल्या. मग काकांनीच मला सांगितलं, मान खाली घालून, जणू त्यांचीच चूक होती : एक मेला घरातून दूध द्यायचं नसतं. मीठ नाही, विस्तव नाही, दूध तर नाहीच. देणाऱ्याच्या गोठ्याची बरकत घेणाऱ्याच्या घरी जाते.

तू शेजारच्या मृणालिनीकाकूंना तिन्हीसांजेला विरजण द्यायला नाही म्हणाली होतीस, आठवतं? मी तुला किती हसले होते.

पान्हा गाईने चोरलेला नाही, आई. बाळी रडली तर मला काही होत नाही. पलीकडे वासरू हंबरलं की मी भिजते. बाळी पीत असते तेव्हा नोरा बांधाशी येऊन माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून उभी राहते. चरत नाही, शेपूटही हलवत नाही. मी पडदा लावला. पडद्यामागूनही कळतं ती आहे ते.

बांधावरच्या गप्पा बंद झाल्या. डोनी गाडीतून जाताना स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचा, हा इथला रामराम. तो बोट उचलत नाही. परवा त्याने बाळीचे गाल पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि 'देव तिला सांभाळो' म्हणाला नाही. मी तिला पदराआड केलं.

काल काका आले. "डबा परत दे पोरी," म्हणाले. "पण रिकामा देऊ नकोस."

आपणही दुधाचं भांडं रिकामं परत करत नाही, चिमूटभर साखर घालतो. पण त्यांना साखर नको होती. त्यांना काय हवं ते त्यांना बोलवेना आणि मला ते न बोलता कळलं. ते दिलं आणि माझं आटलं तर? बाळीची ती मनगटं मला पुन्हा बघायची नाहीत. वासरू मरेल तर मरो, असं मनात आलं माझ्या.

डबा ओट्यावर आहे, धुतलेला. तू विचारलेलं राहूनच गेलं.

तुझी,
चैत्राली


६ जून २०२१

ती. सौ. आईस, साष्टांग नमस्कार.

आधीचं पत्र टाकलंच नाही. दोन्ही एकाच पाकिटात येतील, तारखा बघून वाच. आंब्याचे फोटो मिळाले. असले फोटो पाठवणं म्हणजे छळ आहे, हे बाबांना सांग.

पत्र लिहिलं त्याच्या दुसऱ्या सकाळी वासरू हंबरलं नाही. अंगात त्राण नव्हतं त्याच्या. मी वाट पाहत बसले. बाळी रडून काळीनिळी झाली, आणि मला थेंब नाही. तेव्हा समजलं की हे दूध माझं कधी झालंच नव्हतं. मी उरलंसुरलं पिळून काढलं, डब्याचा तळ जेमतेम ओला झाला, आणि अनवाणी बांध ओलांडून धावले. काट्यांनी पोटऱ्या सोलल्या.

काकांनी डबा घेतला. डब्यातलं तळहातावर घेतलं, नोराच्या पाठीवरून मानेपासून शेपटापर्यंत हात फिरवला आणि उरलेलं वासराला चाटवलं. नोराने मान वळवून पाहिलं. काकांकडे नाही, माझ्याकडे. मग तिच्या सडांतून धार लागली, आणि माझ्याही. काका पाठ करून उभे राहिले, सभ्य माणूस.

त्या दिवसापासून दोघं पितात, बाळी आणि वासरू. डोनीचं बोट परत वर झालं. बांधाशी येऊन म्हणतो, "बॅट, ही पोरगी तुझ्यापेक्षा बरी दूध काढते, हिलाच ठेव." काका म्हणतात, "तुला ठेवून बघितलं, तू खातोस फार." मी हसते. या दोघांच्या फालतूपणाची मला सवय झालीय. बाळीला पाहून परवा डोनी टोपी काढून म्हणाला, "देव तिला सांभाळो." मी आत जाऊन रडले.

इथे पत्र संपवता आलं असतं. पण तू विचारलंयस.

जिल्ह्याबाहेर जायची बंदी उठली तसं बाळीच्या पासपोर्टसाठी आम्ही डब्लिनला वकिलातीत निघालो. क्षितिजाकडे मुक्काम करायचा ठरला होता. तिने पुरणपोळ्यांचा घाट घातला होता. केरीची हद्द संपते तिथे नदी आहे, नदीवर पूल. पूल ओलांडला आणि माझी छाती एकदम हलकी झाली. रिकामी झाली. मागे बाळी किंचाळली. ते रडणं नव्हतं, आई. रानात एखाद्याला मागे सोडून कळप पुढे गेला की मागचं जनावर ओरडतं, तसं होतं. तेवढ्यात डोनीचा फोन आला : "तुम्ही कुठे आहात? नोरा खाली बसलीय, उठत नाही. तोंड रस्त्याकडे करून बसलीय."

आम्ही गाडी वळवली. घराच्या अरुंद रस्त्याला लागलो तसा मला पान्हा आला. नोरा उठून बांधाशी उभी होती.

इंद्रनील म्हणाला, "ताण आहे तुझ्यावर. योगायोग." मग म्हणाला, "पुन्हा जाऊन बघू, म्हणजे कळेल." पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. तोच पूल, तेच सगळं. घरी आल्यावर त्याने विमानाच्या तिकिटांचं पान बंद केलं, आणि संध्याकाळी तो बांधाशी जाऊन उभा राहिला. नोराच्या कपाळावर हात ठेवून इंद्रनील तिला काहीतरी सांगत होता. काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

काका म्हणतात, मी डब्यातून परत केलं ते अर्धंच. एक मेला गेलेलं एक मेलाच पुरतं परत येतं. पुढच्या एक मेला उजाडताना माझ्या दुधाचा डबा त्यांच्या उंबऱ्यावर न्यायचा. तोवर नोरा बाजारात जाणार नाही, असा त्यांनी शब्द दिलाय. "मी आहे तोवर," म्हणाले, आणि खोकले. तो खोकला मला आवडला नाही. रोज सकाळी आधी त्यांच्या धुराड्याकडे बघते, धूर दिसला की मग चहा टाकते.

म्हणून आम्ही येत नाही, आई. बाबांना माझ्या नोकरीचं कारण सांग. गिरीशला काही सांगू नकोस, तो मित्रांना सांगेल.

तू ये. विमानं सुरू झाली, व्हिसा उघडले की पहिल्यांदा तू ये. अळीव नको, शतावरी नको, नुसती ये. बारसं तुझ्यासाठी थांबवलंय. कागदापुरतं एक नाव लिहिलंय, पण हाकेला पोर बिननावाची आहे अजून. आणि काहीही झालं तरी एक मेला तू इथे असायला हवीस. डबा घेऊन मी जाईन, त्याची मला भीती नाही. पण उंबऱ्यावर डबा ठेवल्यावर बांधाच्या अलीकडे, आमच्या घरात, काय होईल ते मला माहीत नाही, आणि त्या वेळी बाळी दुसऱ्या कुणाच्या मांडीवर असलेली मला चालणार नाही. तुझ्याच हवी. तिच्या टाळूला आता गवताचा वास येतो. तू हुंगून बघ आणि मला खरं काय ते सांग. तू सांगितलंस तर मी ऐकेन.

इथेच थांबते. पलीकडे वासरू हंबरलंय. बाळी अजून गाढ झोपलीय, पण तिचे ओठ हलायला लागलेत.

तुझ्या दुधावर वाढलेली,
चैत्राली