हळद तोंडाला नाही

राहुरी, गुरुवार संध्याकाळ

आज साध्या पाण्यानं तोंड धुतलं आणि चुणचुणलं नाही! किती दिवसांनी. लग्न ठरल्यावर आत्यानं ते गोरं करणारं क्रीम आणलं, मी चोपडत बसले, वरून लिंबू घासलं, आणि गालांची सालटं निघाली. घामानंसुद्धा आग व्हायची.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वरचा थर फाटलाय. तो आपला आपण भरतो, तुम्ही फक्त त्याला छळू नका." मग वास नसलेला सौम्य फेसवॉश, कातडीचा थर सांधणारं सिरॅमाइडचं साधं क्रीम, घासणं बंद. एवढंच. कंटाळा येईल इतकं साधं.

आणि उद्या माझी हळद. नवऱ्याकडची उष्टी हळद येणार, म्हणून आत्या आजच सांगत होती, तोंडाला भरपूर लावायची. मी म्हटलं, तोंडाला नाही.

"तोंडाला न लावता नवरी व्हती व्हय कुनी? शुभ असती ती!"

"मग हातापायाला लाव की आत्या. पायालाही शुभच असते."

आई तोंडाला पदर लावून हसत होती. मी जास्त बोलले का? असेल. पण गाल माझे आहेत.

आत्ता खात्रीसाठी पुन्हा तोंड धुतलं. जास्त धुऊ नका म्हणून सांगितलंय, तरी. नाहीच चुणचुणलं.

उद्याच्या फोटोत हातपाय पिवळेधमक आणि तोंड तेवढं माझ्या रंगाचं दिसेल. दिसू दे. गोरं करायला गेल्यावर काय होतं, ते बघून झालंय.