पंखा थांबेपर्यंत

सर,

मले तेव्हाच दोन थापडा मारल्या असत्या तं काय बिघडलं असतं? प्रोजेक्टरची वायर मी ओढली हे तुम्हाले त्याच दिवशी माहीत होतं. मंग सगळ्या गावासमोर स्वतःवर काऊन घेतलं? अन् मले एका शब्दानं बोलले नाही. असं कोणी करते का?

तुम्ही वारल्याचं आपल्या वर्गातल्या आसिफनं कळवलं त्याले दोन महिने झाले. तेव्हा लिहिलं नाही. आठवीत शाळा सोडलेल्या पोरानं चित्रकलेच्या मास्तरले काय लिहावं? पण परवा त्यानं एक फोटो पाठवला. काकूंनी तुमचं कपाट आवरलं, त्यात शाळेचा तो बंद पडलेला प्रोजेक्टर निघाला. खोक्यात खाली घडी केलेला कागद. चारी कोपऱ्यांले चिकटपट्टी. त्यावर पेन्सिलनं काढलेलं अर्धं लोणारचं सरोवर.

सर, तो कागद माझा आहे. मले वाटलं होतं शिपायानं झाडून फेकला.

खिडक्यांले सोयाबीनची रिकामी पोती टांगून तुम्ही वर्गात अंधार करायचे. त्या पोत्यांचा वास मले अजून येते. लोणार आपल्या गावाहून एसटीनं अर्धा तास, पण सरोवर वरून इतकं गोल दिसते हे भिंतीवर पाहिलं तेव्हा कळलं. आसिफ म्हणे, "सर, हा तं आमच्या अम्मीचा तवा आहे." सगळे हसले, तुम्ही नाही. "मंग तव्याची कोर कुठं जाड, कुठं बारीक, ते सांग," म्हणाले.

अन् मंग चित्र बंद. बल्ब विझायचा, आतला पंखा मात्र घुमत राहायचा. "बल्ब गरम आहे. पंखा थांबेपर्यंत वायरले हात नाही लावायचा. तोवर रिकाम्या भिंतीकडं पाहा. पंखा थांबला की पेन्सिल उचला."

बाकीच्यांले त्या रिकाम्या भिंतीवर काय काय दिसायचं. मले फक्त चुन्याचे पोपडे दिसायचे.

"चालूच ठेवा ना सर. बंदच करायची होती तं मशीन आणली काऊन?"

"पाहाले आणली बे गजू. छापाले नाही."

तालुक्याची स्पर्धा आली. मले पहिला नंबर पाहिजे होता, अन् दम कुठं होता? मधल्या सुट्टीत खिडक्यांवर पोती सोडली, मशीन लावली, कागद भिंतीले चिकटवला अन् उजेडावरून रेघ ओढत गेलो. काय सुंदर येऊन राह्यली होती ती. अर्ध्यात व्हरांड्यात चपला वाजल्या. मी बोर्डातून वायर उपटली अन् कागद भिंतीवरच सोडून पळालो. पंखा घुमलाच नाही.

पुढच्या तासाले तुम्ही बटन दाबलं तं नुसता लाल दिवा. बल्ब गेलेला.

गावानं वर्गणी करून घेतलेली मशीन होती, म्हणून पालकसभेत विषय निघाला. तुम्ही उभे राहिले. "चूक माझी आहे. घाईत मीच वायर ओढली." कोणीतरी मागून बोललं, "मास्तर, लेकरायले सांगता पंखा थांबू द्या, अन् तुम्हालेच दम नाही निघाला?" सभा हसली. मी दाराजवळ बसलो होतो. सर, हसणाऱ्यांत मीही होतो.

पुन्हा वर्गणी कोण देईल? त्या वर्षी तुम्ही फळ्यावर खडूनं चित्रं काढत राहिले. मागच्या बाकावरून पोरं "दिसत नाही सर" म्हणायची. मी मान खाली घालून बसायचो. वार्षिक परीक्षा झाली अन् शाळा सोडली. घरी सांगितलं, डोक्यात जात नाही.

मधात एकदा लोणारच्या स्टँडवर भेटले. "काढतो का काही?" मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, हैदराबादले हॉटेलांच्या भिंती रंगवतो, वीस-वीस फुटी. तुम्ही विचारलं, "पाहून काढतो का?" मले राग आला. "धंद्यात एवढा टाइम नसते सर," म्हणालो अन् गाडीत चढलो. खिडकीतून मागं पाहिलंही नाही. तुम्ही कुठवर उभे होते?

खरं सांगतो. खिडक्यांले काळं कापड लावतो, प्रोजेक्टरनं चित्र भिंतीवर पाडतो अन् कडेकडेनं रेघ ओढतो. ठेकेदार म्हणते, "गजू, सोच मत, खींच." लोक फोटो काढतात. मशीन बंद केली तं मले साधा बैलही काढता येत नाही.

फोटो आला त्या दिवशी कामावर जेवणाच्या सुट्टीत सगळे गेल्यावर मी मशीन बंद केली अन् बसून राहिलो. रिकाम्या भिंतीवर तुम्हाले आणायचं ठरवलं. पोती आली. बाहीवरचा खडू आला. खिशातले दोन पेन आले. चेहरा नाही आला. पंखा थांबला तरी नाही. चार वर्षं समोर होते तुम्ही, मी कधी नीट पाहिलंच नाही.

कागदाच्या मागं काही लिहिलं आहे का, हे आसिफले दोनदा विचारलं. कोराच आहे म्हणे. निदान एक शिवी तरी लिहायची होती, सर.

दिवाळीले गावी येतो. शाळेत नव्या बाई आल्या आहेत, त्यांले मशीन चालू करायची आहे म्हणून काकूंनी ती शाळेत नेऊन दिली. त्या पोरांसमोर अन् पालकसभेत उभा राहून सांगतो, वायर कोणी ओढली होती. हसतील. हसू द्या. अन् मंग पोरांसंगं खाली बसतो, पंखा थांबेपर्यंत.

बुलढाण्याचा दुकानदार त्या बल्बाचे पाच हजार आठशे सांगते. वरच्या दोनशेत खिडक्यांसाठी पोती घे, असं आसिफले कळवलं आहे. त्याच्याकडं आज सहा हजार रुपये टाकतो.

तुमचा,
गजू