फिनिशरमधली पांढरी धूळ

४ ऑगस्ट, सोमवार
आधी सगळ्यांची विचारपूस. यांचा गुडघा? जिना चढताना गप्प, उतरताना कुरकुर. सूनबाईची पाठ? गरम पाण्याच्या पिशवीने बरी. पुण्याच्या वन्संचं बीपी? फोनवर आवाज खणखणीत, म्हणजे ठीक असावं. माझं? सर्दी. आठवडाभर नाक चोंदलंय, फोडणीचासुद्धा वास येत नाही. आणि फिनिशर? सगळ्यात आजारी तोच.

आज नऊ वेळा कागद अडकला. झेरॉक्स सुरेख निघते. पण मशीनच्या बाजूला जोडलेला हा फिनिशरचा पेटारा, पानं नीट रचून कोपऱ्यात पिन मारतो तो, त्यात शिरतानाच कागदाची घडी-घडी होते. मशीन येऊन तीन आठवडे झाले. पहिला आठवडा गुणी बाळ. मग रोज थोडं थोडं बिघडत गेलं.

माल इकबालभाईंचा. ऑफिसांनी काढून टाकलेली मशीनं जासईच्या गोदामात आणून दुरुस्त करून विकतात. बावीस वर्षं या दुकानातली यंत्रं तेच बघतात. संशय घ्यायला जीभ रेटत नाही. पण रोजच...

५ ऑगस्ट, मंगळवार
फि. उघडला, टॉर्च मारला. मला कोणी शिकवलेलं नाही, पहिल्या मशीनपासून उघडून बघतच शिकले. कागद आत ओढणाऱ्या रोलरवर पांढरी मऊ धूळ. जासईला कंटेनरच्या गाड्या काय कमी धूळ उडवतात? म्हणजे न पुसताच दिलं की काय. शिवाय मागचे दोन स्क्रू चकचकीत, बाकीचे गंजके. हा फि. याच मशीनचा, की दुसऱ्याच्या अंगावरून उतरवलेला?

ह्यांना दाखवलं. शब्दकोड्यातून मान वर न करता म्हणतात, "तुझा संशय पाहुणा नाही, भाडेकरू आहे. शिरला की खोली सोडत नाही."

कोरड्या फडक्याने रोलर पुसले. संध्याकाळपर्यंत नीट चाललं. पुसल्यावर चाललं, म्हणजे धूळच.

६ ऑगस्ट, बुधवार
पुन्हा तेच. पाटकर वकिलांचे अपिलाचे सेट होते, बत्तीस-बत्तीस पानांचे. तीनदा अडकले. पाटकर घड्याळ बघत उभे. ते इ.भाईंकडून ऑफिससाठी असंच मशीन घेणार आहेत. म्हणाले, "काय ताई, घेऊ ना?"
मी म्हटलं, "थांबा जरा."
दोनच शब्द. पण माझ्या तोंडचे.

८ ऑगस्ट, शुक्रवार
जुम्म्याची नमाज आटोपून इ.भाई आले. फि. उघडला, रोलर पुसले. मग पिशवीतून स्वतःचं कागदाचं पाकीट काढून वीस सेट काढले. एकही अडकला नाही.
स्वतःचा कागद कशाला? माझ्या मनात पाल चुकचुकली. विचारलं, "आमच्या कागदाला काय झालंय?"
"काही नाही ताई. फरक कुठं पडतो ते बघतोय. तुम्ही कागदाला काही लावता का?"
"काय लावणार? अष्टगंध?"
ते हसले. मी नाही हसले. म्हटलं, "नाही. काही लावत नाही."
तेवढ्यात पाटकर आले आणि माझी जीभ सुटली. त्यांच्यादेखत बोलले, "जुना माल वरवर पुसून गळ्यात मारायचा आणि वर आमच्या कागदाला दोष."
इ.भाईंनी स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला. हळूच म्हणाले, "ताई, बावीस वर्षांत तुमच्याशी खोटं बोलायला मला वेळच नाही मिळाला." चहा तसाच ठेवून गेले.
पाटकर म्हणाले, "मग मी त्यांना नाही कळवतो."
मी गप्प राहिले. गप्प राहणं म्हणजे हो म्हणणंच.

९ ऑगस्ट, शनिवार
पाच वेळा अडकला. बघा, म्हटलंच होतं मी. पण बरं काही वाटत नाही.

११ ऑगस्ट, सोमवार
नाक मोकळं झालं. सकाळी खिचडीतल्या जिऱ्याचा वास आला, उपासाचं सार्थक झालं.

दुकानात आज ओल्या फडक्याने रोलर पुसले. फडक्याला वास. गार, कापरासारखा. पुन्हा हुंगलं. गोदामाच्या धुळीला घामोळ्याच्या पावडरीचा वास कुठून येणार?

पावडर माझी. पावसाळ्यात कागद दमट होतात, एकमेकांना चिकटतात. सायक्लोस्टाइलच्या काळापासूनची माझी रीत: गठ्ठा पत्त्यांसारखा पिसायचा, चिमूटभर पावडर भुरभुरायची, परत पिसायचा. जुन्या मशीनला फिनिशरच नव्हता, ते बिचारं निभावून न्यायचं. याच्या रोलरवर पावडर साचत गेली, ते गुळगुळीत झाले, कागद घसरू लागला. मी पुसायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पावडर.

त्यांनी विचारलं होतं, काही लावता का. शपथेवर सांगते, मुद्दाम खोटं नाही बोलले. माझ्या लेखी ते लावणं नव्हतंच, कागद पिसणं होतं. पण खोटं ते खोटंच झालं.

ह्यांना सांगितलं. कोडं बाजूला ठेवलं, एवढं हसले की गुडघा दुखला. "आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला."
अगदी बरोबर. नाकसुद्धा माझंच.

१२ ऑगस्ट, मंगळवार
पावडरीचा डबा घरी नेऊन ठेवला. दिवसभरात चाळीस सेट, एकदाही अडकला नाही. पेढे वाटावेत असा दिवस, पण...

इ.भाईंना तीन फोन केले. वाजतो, उचलत नाहीत. ते फोन न उचलणाऱ्यांतले नाहीत.

दुपारी कोर्टात जाऊन पाटकरांना गाठलं, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अहो ताई, उशीर केलात. मी दुसरीकडे सांगितलं, आज सकाळी मशीन आलंसुद्धा."
"इकबालभाईंना काय सांगितलंत?"
"जे होतं ते. तुम्ही नको म्हणालात म्हणून. लपवायचं काय त्यात?"
सुटलेला शब्द मागे घ्यायला गेले, तर तो माझ्या आधी जासईला पोचलेला.

१३ ऑगस्ट, बुधवार
आज एकदा अडकला. एकदाच. पावडर नाही, रोलर पुसलेले. पावसाने कागद दमट झाला असेल. असेलच. तरी टॉर्च घेऊन पुन्हा मागे जाऊन बघून आले. माझा भाडेकरू काही खोली सोडत नाही.

इ.भाईंना मोबाइलवर मजकूर पाठवायचा आहे. आधी इथे लिहून बघते. आजचं अडकणं त्यात घालू का? घातलं तर माफीला आरोपाचं शेपूट. नाही घातलं तर पुन्हा काही तरी लपवलंच. हे म्हणतात, घालू नकोस. मला अजून ठरवता येत नाही. तूर्त एवढंच:

"इकबालभाई, दोष मशीनचा नव्हता. पावसाळ्यात मी कागदाला घामोळ्याची पावडर भुरभुरते, तीच रोलरवर साचली होती. तुम्ही विचारलंत तेव्हा नाही म्हणाले, ते चुकलं. पाटकरांसमोर बोलले, ते त्याहून चुकलं. त्यांना खरं काय ते सांगितलंय, पण तुमचं गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. बाकी कुणाकुणाला सांगायचं ते तुम्ही सांगा, मी स्वतः जाऊन सांगेन. घरी भाभींची तब्येत कशी आहे? रागावला असाल तर रागाचंच लिहा, पण उद्या-परवाकडे लिहा. मी वाट बघतेय."