जयराजचा राहिलेला पैरा

मी, संयोगिता हंबीरराव इंगवले, वय वर्षे एकाहत्तर, माजी आमदार, राहणार मलकापूर, ता. कराड, जि. सातारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात आणि राजीखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे, तसा दाखला डॉ. प्रांजल यांनी दिला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. तो विधानसभेत कोणाला जमला नाही, घरात काय जमणार!

१. मलकापूरचे राहते घर माझी सून रेश्मा हिच्या एकटीच्या नावे करावे. टाळेबंदीनंतरच्या मंदीत लोकांचे फोन उजाडल्यापासून तिने घेतले. कोणाचे रेशन अडले, कोणाचा मुलगा परमुलखात अडकला, सगळे तिला तोंडपाठ. आमदार मी होते, पण निम्मी आमदारकी तिने केली. माझा मुलगा जयराज याने या घरात जरूर राहावे, मात्र तिला विचारून.

२. बँकेतली ठेव नातीच्या शिक्षणासाठी आहे. तिच्या लग्नात यातला रुपयाही खर्चू नये. हुंडा मागणारा दारात आला तर चहासुद्धा देऊ नये.

३. मतदारसंघ ही माझी मिळकत नाही, म्हणून तो कोणाला देता येत नाही. माझा फोटो लावून कोणी मते मागू नयेत. जयराज, हे तुलाही लागू.

४. आता रान. उसाची जमीन मला माहेरून मिळाली, तिच्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. ती जयराजला द्यायची आहे, पण त्याआधी थोडे सांगणे भाग आहे.

मंदीच्या त्या वर्षी इथल्या सुट्या भागांच्या कारखान्याने निम्मी माणसे कमी करायचे ठरवले. जयराज तिथेच सुपरवायझर होता. मी मुंबईला खेटे घातले, आश्वासने आणि चहा मिळाला. मग सरळ मॅनेजरपुढे जाऊन बसले. म्हटले, माणसे काढू नका, काम वाटून द्या. आमच्याकडे शेतीत पैरा असतो: आज तू माझ्या रानात राब, उद्या मी तुझ्या रानात राबतो. तसेच इथे करू. एका जागेवर दोघे, आठवड्याआड. जो घरी असेल त्याने कामावरच्या जोडीदाराचे रान सांभाळायचे. मॅनेजर पुण्याचा, आधी हसला. कामगारांनी एकमुखाने होकार दिल्यावर त्यालाही होकार द्यावा लागला. एकाचीही नोकरी गेली नाही, आणि याचा मला गर्व आहे.

जोड्या घागरीत चिठ्ठ्या टाकून पाडल्या. ऊसवाल्यांची वेगळी आणि माळावरच्यांची वेगळी अशी घागर मी ठेवली नाही, सगळी नावे एकत्र घातली. जयराजच्या वाट्याला मल्हार नानासो गोरड आला. औंधच्या पलीकडे त्याचे कोरडवाहू रान, घरात मेंढरे. माझे दीर राजवर्धन मला बाजूला घेऊन म्हणाले, एवढी एक चिठ्ठी बदला, घराण्याला शोभत नाही. मी बदलली नाही. पुढची निवडणूक मी हरले ती बरीचशी या घागरीमुळे. पुन्हा आमदार झाले तर पुन्हा तशीच घागर भरीन.

मल्हारने आमच्या उसात स्वतःला बांधून घेतल्यासारखे काम केले. त्याची आई भामाबाई हिने खतासाठी मेंढरे आमच्या मोकळ्या वावरात बसवली आणि मोबदला म्हणून दाणाही घेतला नाही. जयराज मात्र माळावर एकदाही गेला नाही. त्याची पाठ नेमकी घरी असलेल्या आठवड्यात धरायची. मल्हारची बाजरी तणात गेली. अख्खा मतदारसंघ गाऱ्हाणी घेऊन माझ्या दारात यायचा, आणि ज्याचे गाऱ्हाणे माझ्याच घराबद्दल तो गप्प राहिला. मला कळले तेव्हा मी रडले, आणि मग जयराजला जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. भामाबाईकडे धान्याची पोती पाठवली, तिने ती परत पाठवली. पैरा हाताने फिटतो, पोत्यांनी फिटत नाही, हे मला कळायला हवे होते.

५. सत्कारात मिळालेल्या सर्व शाली दीर राजवर्धन यांना द्याव्यात. त्यांना सत्काराची भारी हौस, आणि स्वतःहून कोणी करत नाही.

६. माझ्या पहिल्या खर्ड्यात अट होती की, जयराजने एक हंगाम मल्हारच्या रानात राबावे, भामाबाईने तसे सांगावे आणि मगच रान त्याच्या नावे व्हावे. तिची संमती घ्यायला मी गेल्या आठवड्यात माळावर गेले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "आवं ताई, भ्यानं आलेल्या माणसाची खुरपणी वरवर हुती. त्यो यील तर मनानं यील, न्हाईतर न्हाई. मला ह्यात घालू नगा."

बाई बरोबर बोलली. म्हणून ती अट मी काढून टाकते. रान जयराजला, बिनशर्त. तो माझा मुलगा आहे, हट्टी आहे, पण मनाने कोता नाही. मी त्याला ओळखते.

७. हे मृत्युपत्र घरात वाचू नये. माझे दिवस झाल्यावर खुरपणीच्या हंगामात वकील शिवतेज यांनी ते मल्हारच्या रानात उभे राहून वाचावे आणि जयराजला तिथे यायचा निरोप द्यावा. त्याच्या हातात कोणीही खुरपे देऊ नये, कोणी काही सुचवू नये. वाचन सकाळी लवकर उरकावे, म्हणजे त्याच्यापुढे अख्खा दिवस मोकळा राहील.

वरील मजकूर मी दोनदा वाचला, दोन्ही वेळा पटला, म्हणून साक्षीदारांसमोर सही केली.

सही: संयोगिता हंबीरराव इंगवले

साक्षीदार:
१. ज्योतिबा शंकर थोरात, कामगार प्रतिनिधी (सही)
२. डॉ. प्रांजल महानवर (सही)

स्थळ: मलकापूर
दिनांक: ११ जून २०२५