उत्क्रांतिवादातला वाद

जीवशास्त्र विभागाच्या माजी प्रमुख व माझ्या आजी पत्नीस,

सप्रेम नमस्कार. आरंभी समोरच्याची प्रकृती विचारावी असा शिष्टाचार आहे. तो तुझ्या बाबतीत कसा पाळावा हे न उमजल्याने माझीच कळवतो. रक्तदाब आटोक्यात आहे. दूध अजून उतू जाते.

आज शाळेने तुझे कपाट रिकामे करण्यास बोलावले होते. ते तासाभरात उरकले. परंतु भिंतीवरचा तुझा उत्क्रांतिवादाचा तक्ता (माशापासून माणसापर्यंतचा, ज्यात शेवटच्या आकृतीला तू विनापरवाना माझे नाक दिले आहेस) उतरवावा, असा एका पालकांचा अर्ज आला होता. मुख्याध्यापिकाबाईंनी आम्हां सर्वांना प्रयोगशाळेतच बसवले. तुझी बाजू मांडायला मी एकटा.

पालक म्हणाले, "अहो, नावातच वाद आहे! जो अजून मिटला नाही, तो पोरांना कशाला शिकवता?" येथे माझी चूक झाली. छत्तीस वर्षे मुद्रिते तपासलेला मी, पुरावे सोडून व्याकरणावर घसरलो. ‘वाद’ येथे भांडण नसून उपपत्ती होय, हे सांगताना मी समासाचा विग्रहही केला. चित्रकलेचे सर (अठरा वर्षांचे तुझे हाडवैरी) कपाळाला हात लावून बसले.

मग पालकांनी ठेवणीतला प्रश्न काढला. "डोळा हळूहळू घडला म्हणता, मग अर्धा डोळा काय कामाचा?" शास्त्रीय उत्तर मला येत नव्हते. मी म्हणालो, "माझ्या पत्नीला शेवटची दोन वर्षे अर्धेच दिसत होते. तेवढ्यात तिने तुमच्या मुलीच्या वह्या तपासल्या आणि माझा सदरा उलटा असला, तर तोही तिला दारातून दिसे."

शेवटी सर उठले. "चित्र आहे म्हणजे चित्रकार असणारच, हे माझं मत कायम आहे. पण तक्ता काढलात, तर मी रोज भांडू कुणाशी? भिंतीशी?" पालकांनी अर्ज घडी घालून खिशात ठेवला. तक्ता राहिला.

तुझाच.

ता. क. घरी मी नेहमी सरांची बाजू घेत असे. वस्तुतः तुझे म्हणणे मला पहिल्याच वर्षी पटले होते. परंतु तसे कबूल केले असते, तर तू पुढचे समजावून सांगायची थांबली असतीस.

ता. क. २. सर गुरुवारी वाद घालायला घरी येणार आहेत. तुझ्या टिपणवहीत पंखांच्या पानावर ‘ह्यांना हे सांगू नये, उगीच चिडतील’ असा शेरा आहे. ‘ह्यांना’ म्हणजे सरांना की मला, तेवढे कृपया कळवावे.

ता. क. ३. निघताना प्रयोगशाळेचे दार कुलूपबंद केले. किल्ल्या कार्यालयात परत दिल्या.