बासष्ट घरांचा शिधा

मु. बोरदरी, पो. पिशोर, ता. कन्नड
६ एप्रिल १९८६

चि. रामकिसनला अक्काचा सप्रेम जयभीम. पत्र लिहिणार केसर, सांगणार मी. तेव्हा रागावलास तर माझ्यावर रागव, भाचीवर नाय.

केसरच्या लग्नाची तारीख पक्की झाली. रविवार, ११ मे, सकाळी अकरा. जालन्याचे पाहुणे चांगले आहेत. हुंडा नको म्हणले, वऱ्हाड तेवढं पोटभर जेवलं पाहिजे म्हणले. वऱ्हाड किती विचारलं तर म्हणले, शंभर-सव्वाशे. म्हणजे तू दीडशे धर. आपली भावकी, मावश्या, आत्या, बाजारातली ओळखीची, झाली तीनशेच्या वर. तुझे दाजी गेल्यापासून माझ्या घरात काय आहे ते तुला ठाऊक आहे. दोन पोती तांदूळ आन एक पोतं डाळ साठवली, त्यातच बसवायचं.

पण माझा जीव वऱ्हाडानं नाय, शिध्यानं घाबरा झालाय. धोंडिबा भाऊजी म्हणतात, आपल्या वस्तीत लग्न निघालं की गावाला शिधा द्यायचाच. तू शहरात राहून विसरला असशील. गाव आपल्या हातचं शिजवलेलं खात नाय, म्हणून घरटी शेरभर तांदूळ, अर्धा शेर डाळ आन गुळाचा खडा कोरडाच पोचवायचा. ते आपल्या चुलीवर शिजवून खाणार. घरं बासष्ट आहेत. एवढं बांधून दिलं तर वऱ्हाडाच्या ताटात काय वाढू? बानाबाईच्या वावरात बारा वर्षं राबते मी, तीपण परवा हसत म्हणली, भामे, यंदा गूळ चांगला दे, मागच्या लग्नातला काळा होता. लई राग आला. माझा रोज तिच्या हातात आहे.

बुंदीपुरती साखर शहरात मिळाली तर बघ. भावजयीला, लेकरांना जयभीम सांग. माया आहे तशीच राहू दे.

तुझी अक्का, भामाबाई


उस्मानपुरा, औरंगाबाद
१५ एप्रिल १९८६

ती. अक्काच्या चरणी रामकिसनचा जयभीम, वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि डोकं सणकलं. काल जयंतीच्या मिरवणुकीत क्रांती चौकात घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या, आणि घरी येऊन बघतो तर काय, बासष्ट घरांचा शिधा! अक्का, अठ्ठ्याहत्तर साल विसरलीस? विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला म्हणून तुझं छप्पर पेटवलं, तेव्हा या बासष्ट घरांतून एक तरी घागरभर पाणी घेऊन आलं होतं का? नामांतरासाठी मी हर्सूलच्या जेलात अकरा दिवस काढले. ठराव होऊन आठ वर्षं होत आली, पाटी अजून जुनीच आहे. आणि तू त्यांना वर गूळही बांधून देणार?

एक दाणा कोरडा जाता कामा नये. ज्याला यायचं असेल त्यानं मांडवात यावं, सगळ्यांच्या पंगतीला बसावं. ज्याला नको असेल त्यानं आपल्या घरी बसावं. धोंडिबाभाऊंना माझं नाव सांग.

साखरेची काळजी करू नकोस. दहा किलो जमली आहे, आणखी बघतो. आमच्या कारखान्यातही बातमी पसरली. खात्यातले सोळा जण येतो म्हणालेत, फोरमनसाहेबसुद्धा. त्यांचा बोजा तुझ्यावर नाही. त्यांच्यासाठी मी इथूनच मिठाईचे बंद डबे सांगून ठेवलेत, माणशी एक, बरोबर थंड्याची बाटली. उगाच पंगतीला बसवून त्यांना अडचणीत कशाला टाकायचं? माणसं चांगली आहेत.

बाकी एक सांग, केसर सासरी गेल्यावर तुझे रागाचे कागद कोण लिहिणार? प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला जातेस ना, मग गमभनच्या पुढं सरकलीस की नाही?

रागाच्या भरात जास्त लिहिलं असेल तर पोटात घाल. तुझा लोभ हाच माझा आधार.

तुझा रामकिसन


बोरदरी
२२ एप्रिल १९८६

चि. रामकिसनला अक्काचा जयभीम.

तुझं पत्र केसरनं मला तीन डाव वाचून दाखवलं. पहिल्या डावाला रडू आलं, दुसऱ्या डावाला हिंमत आली, आन तिसऱ्या डावाला तळपायाची आग मस्तकात गेली. का, ते सांगते. आधी गावाचं ऐक.

भाऊजींना सांगून टाकलं, शिधा नाय. ते म्हणले, तुझा भाऊ तिकडं बसून गप्पा हाणतो, गावात राहायचंय आपल्याला. मग मीच पदर खोचून निघाले. बासष्ट अंगणांत उभी राहिले आन पंगतीचं आवतन दिलं. कोणी हसलं, कोणी दार लोटून घेतलं. एक म्हातारा म्हणला, आता तुम्ही आम्हाला वाढणार व्हय? मी म्हणलं, व्हय. दुसऱ्या दिवशी बानाबाईचा निरोप आला, कांदे काढायला येऊ नको. बाकीच्यांनीपण कामाला बोलवणं बंद केलं. ऐन लग्नाच्या तोंडावर रोज बुडाला. बुडू दे, आता मागं सरणार नाय.

आता तुझं. तुझ्या त्या बंद डब्याला काय म्हणू रे मी? रंगीत कागदात बांधला म्हणून तो शिधा नाय का? मी इथं उंबऱ्याउंबऱ्यावर बोलणी खाते, आन तू आपल्या भाचीच्या मांडवात सोळा जणांना कोरडा शिधा वाटणार! ते म्हणले का तुला, आम्ही जेवणार नाय म्हणून? का त्यांनी तोंड उघडायच्या आधी तूच त्यांची सोय करून मोकळा झालास? नावासाठी जेलात बसलास, लई अभिमान आहे मला. मग ताटासाठी एवढं एक विचारायला जीभ का उचलत नाय तुझी? डबे आणलेस तर मांडवाच्या बाहेर ठेव, आन तूपण बाहेरच बस.

बोलले ते बोलले. तरी भाऊ तू एकच आहेस मला, हे ध्यानात ठेव.

तुझी अक्का

(मामा, हे सांगता सांगता आईनं दोन भाकरी करपवल्या. एवढी एक ओळ माझी: माझ्या मांडवात दोन तऱ्हेचं खाणं नको. — केसर)


उस्मानपुरा, औरंगाबाद
३० एप्रिल १९८६

ती. अक्कास रामकिसनचा जयभीम, वि. वि.

तुझं पत्र जेवणाच्या सुटीत वाचलं आणि डबा तसाच घरी परत आणला. दोन दिवस तुझ्यावर रागावून होतो. शहरात कसं निभवावं लागतं ते तुला काय ठाऊक, असं चार पानं लिहिलं, आणि फाडलं. कारण तू विचारलंस ते खरं आहे. ते कोणीच काही म्हणाले नव्हते. मीच ठरवून टाकलं.

तुला कधी सांगितलं नाही, आज सांगतो. नऊ वर्षं आम्ही एका खात्यात आहोत, चहा एका किटलीतला पितो. पण जेवणाची सुटी झाली की ते मधल्या टेबलावर बसतात आणि मी माझा डबा घेऊन खिडकीकडं जातो. कोणी जा म्हणालं नाही. कोणी ये पण म्हणालं नाही. मी विचारलं नाही, कारण उत्तर ऐकायचं नव्हतं. मोर्चात हजारांत ओरडायला सोपं असतं, अक्का.

काल डबे रद्द केले. विसार बुडाला. मग सगळ्यांच्या समोर सांगितलं, लग्नाला यायचं तर पंगतीला बसून जेवायचं, वेगळं काही मिळणार नाही. फोरमनसाहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, मे महिन्यात कामाचा रेटा असतो, बघू. बाकीचे आपापल्या मशीनकडं बघायला लागले. असा संताप आला! नऊ वर्षांत ज्यांच्या पोरांच्या बारशाला गेलो, त्यांना एक हो म्हणता येईना.

कोण येईल, सांगता येत नाही. तू मात्र शिध्याचे तांदूळ बाजूला ठेवू नकोस, सगळे शिजव. सोळा ताटं धर आणि बासष्ट घरंही धर. आलं कोणी आणि कमी पडलं, असं व्हायला नको. इथल्या विहारातून भात शिजवायच्या दोन मोठ्या डेगा मिळाल्यात, आदल्या दिवशी टेम्पोत घालून घेऊन येतो. तुझा रोज बुडाला त्यासाठी ओव्हरटाइम करतोय, नको म्हणू नकोस.

केसरला सांग, मांडवात एकच जेवण होईल. रागव, पण लिहिणं सोडू नकोस.

तुझा रामकिसन


बोरदरी
१४ मे १९८६

चि. रामकिसनला अक्काचा जयभीम.

हे माझं अक्षर आहे, हसू नको. केसर गेली, आता माझा कागद मलाच लिहायचा. ही तिसरी सांज आहे, रोज थोडं थोडं लिहायले.

सोमवारची पहिली पाळी म्हणून तू वऱ्हाडाबरोबरच गेलास, मागचं तुला ठाऊक नाय. आधी तुझ्या माणसांचं, ते तू पाहिलंसच, तरी लिहिते. सोळातले सात आले. चौघं बसले. त्या उंच माणसानं वरण तीनदा घेतलं, लई बरं वाटलं. तिघं म्हणले, आमचा उपास आहे. रविवारी कसला उपास रे? मला अजून राग येतो. फोरमन तर आलाच नाय. वऱ्हाड पोटभर जेवलं, बुंदी पुरली. गावातलं एक घर आलं नाय. दोन पाट्या भात उरला. तुम्ही गेल्यावर त्या पाट्यांजवळ बसून रडले. केसरसाठी रडले का भातासाठी, मला सांगता येत नाय.

सोमवारी सकाळी त्या भाताला फोडणी देत होते, तर बानाबाई अंगणात. म्हणली, कांदे वावरात नासायलेत, कामाला ये. मी म्हणलं, येते. तरी ती जाईना. मग खाली बघून म्हणली, आमचा शिधा कुठंय?

मी म्हणलं, शिजला.

ती तशीच उभी. मी ये म्हणलं नाय, जा म्हणलं नाय. ताट वाढलं आन वट्ट्यावर ठेवलं. लई वेळानं तिनं चपला काढल्या. खाताना म्हणली, गूळ नाय का? मी म्हणलं, नाय. सगळं खाल्लं तिनं.

मोठं काय झालं नाय. जाताना दोनदा रस्त्याकडं बघून गेली. गावात सांगायची नाय ती, मला ठाऊक आहे. तरी बासष्टातलं एक झालं, एकसष्ट बाकी. तुझे सोळातले चार झाले, बारा बाकी. माझ्या घरांचं मी बघते. तू उद्या डबा खिडकीकडं नेऊ नको. मधल्या टेबलावर बस.

लोभ आहेच, तो काय मागायचा. डबा कुठं खाल्लास, तेवढं लिही.

तुझी अक्का,
भामा